किल्ली खिशात, गाडी चालूच!

"अर्ध्या तासाचं काम आहे!" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

हे डॉक्टर दातांचे. खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला त्यांनी 'अर्ध्या तासाचं काम आहे' असं सांगितलं, की त्या माणसाची पाचावर धारण बसायची. पण आज समोर माणूस नव्हता, गाडी होती. फिकट हिरवी, गोल डोळ्यांची, गुबगुबीत, आणि वयानं डॉक्टरांपेक्षा दोन वर्षांनी मोठी.

गाडी मूळची सासऱ्यांची. सासरे गेले तेव्हा गाडी आणि सासूबाई दोघी एकदमच डॉक्टरांच्या घरी आल्या. दोघींची तब्येत नाजूक. दोघींनाही थंडीत सकाळी लवकर उठायला आवडत नसे. आणि दोघींबद्दल वावगा शब्द काढलेला बायकोला खपत नसे! डॉक्टरांनी दोघींचं सगळं निमूटपणे केलं. पण गाडीची एक खोड मात्र त्यांच्या डोक्यात गेली होती.

त्या जुन्या इंजिनात ठिणगी पाडायचं काम 'पॉइंट' नावाच्या दोन चिमुकल्या तुकड्यांकडे असतं. डिस्ट्रिब्यूटर नावाच्या डबीत ते ओठांसारखे उघडतात, मिटतात, आणि दर वेळी एक ठिणगी पडते. मग झिजतात, काळे पडतात, आणि गाडी भर चौकात खोकून बसकण मारते. असं झालं की बाजारातल्या मिस्त्रींना बोलवायचं. मिस्त्री येणार, पॉलिशपेपरचा कपटा काढणार, त्या ओठांवरून चार वेळा फिरवणार आणि म्हणणार, "झालं. दोन महिने बघायला नको."

दोन महिने म्हणजे दोनच महिने. एकसष्टाव्या दिवशी गाडी पुन्हा चौकात!

म्हणून डॉक्टरांनी टपालानं एक खोका मागवला. त्यात काडेपेटीएवढी काळी डबी, तिला एक लाल आणि एक काळी वायर, आणि एक पुस्तिका. इलेक्ट्रॉनिक इग्निशन! पॉइंट काढा, ही डबी बसवा, जन्माची कटकट गेली. खोका हातात घेऊन डॉक्टर आधी मिस्त्रींच्या दुकानात गेले. तसं काही काम नव्हतं, नुसतंच दाखवायला.

"मिस्त्री, तुमच्या पॉलिशपेपरचा जमाना संपला बरं का!"

मिस्त्रींनी डबी उलटसुलट करून पाहिली. "बसवणार कोण?"

"मीच! अहो, मी रोज माणसाच्या तोंडात दिवा धरून, अर्ध्या इंचाच्या जागेत काम करतो. आणि तोंड आतून हलत असतं. जीभ मध्ये येते. काही लोक चावतात! तुमचं हे डिस्ट्रिब्यूटर निदान चावत तरी नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले आणि स्कूटरच्या चाकाकडे वळले. त्या 'बरं'मध्ये पुष्कळ काही होतं, पण डॉक्टरांना ते ऐकू आलं नाही.

आता शनिवारी दुपारी गॅरेजच्या दारात बायको उभी होती. ती कोर्टात स्टेनोग्राफर. समोरचा बोलला की शब्दन् शब्द तिच्या डोक्यात वेळेसकट छापला जायचा. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यामुळे डॉक्टरांविरुद्धचा पुरावा आता बराच साठला होता.

"शनिवार, तीन वाजून दहा मिनिटं," ती म्हणाली. "'अर्ध्या तासाचं काम आहे.' ठीक. आणि उद्या अकराला आईला पोचवायचंय, हे लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं! घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. सासूबाईंच्या कॉलेजच्या वसतिगृहातल्या मैत्रिणींचा मेळावा होता, पन्नास वर्षांनी. त्यांच्यातली एक उंच मैत्रीण, जिला सगळ्या अजून 'शिडी'च म्हणत, ती गाडी नवी घेतली तेव्हा पाहायला आली होती आणि सगळ्यांसमोर म्हणाली होती, "अगं, हे तर शिवणयंत्र! चाकं लावलेलं! वर्षभर चाललं तर माझं नाव बदल!" सासूबाई ते विसरल्या नव्हत्या. सासरे जाताना त्यांचा हात हातात धरला होता, तेव्हाही बहुधा विसरल्या नव्हत्या. उद्या त्यांना त्याच गाडीतून, शिडीच्या डोळ्यांदेखत उतरायचं होतं. टॅक्सीचं नाव काढलं तरी त्या जेवणावरून उठत.

"उद्या गाडी अशी चालेल, की शिडी बघत राहील!" डॉक्टर म्हणाले.

बायकोनं मान डोलावली. हेही छापलं गेलं होतं.

डॉक्टरांनी तोंडाला मास्क लावला. हातात रबरी मोजे चढवले. कपाळाला दिवा. बॉनेट वर केलं आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "हं, मोठा आ करा." मग डिस्ट्रिब्यूटरवरच्या टोपीच्या चारी जाड वायरी त्यांनी एकदम उपटल्या. खुणा केल्या नाहीत. बत्तीस दात ज्याला झोपेत ओळखता येतात, त्यानं चार वायरींना खुणा करायच्या?

पॉइंट सुटले. जुन्या दाढेसारखे ते त्यांनी ट्रेमध्ये टाकले, टणकन् आवाज झाला. नवी डबी बसली. काळी वायर काळ्या जागी. राहिली लाल. पुस्तिकेत लिहिलं होतं, 'लाल वायरीला सरळ बारा व्होल्ट द्यावेत.' वाक्य पुढच्या पानावर चालू होतं. पण मोजे घातलेल्या बोटांना एक पान उलटायचं म्हटलं तरी दोन उलटली. मधल्या पानावर 'किल्लीच्या स्विचमार्फतच' असे दोन शब्द होते, ते दोन पानांच्या मध्ये चिरडून गेले. डॉक्टरांनी बारा व्होल्ट सरळ दिले. म्हणजे बॅटरीच्या क्लॅम्पपासून निघालेली वायर थेट ठिणगीची वीज बनवणाऱ्या कॉइलवर आणि तिथून डबीला. मध्ये किल्ली नाही, स्विच नाही, काही नाही. एकदम सरळ मार्गी वायर!

संध्याकाळी सहा वाजता ते हात धुऊन घरात आले. "झालं. उद्या सकाळी फक्त सेल्फ मारायचा."

"दोन तास पन्नास मिनिटं," बायको म्हणाली.

रविवारी सकाळी साडेनऊला डॉक्टरांनी सेल्फ मारला.

धडाम्!

सायलेन्सरमधून असा बार उडाला की समोरच्या झाडावरचे कावळे एकमुखानं ओरडत उडाले. गॅरेज धुरानं भरलं. धुरातून डॉक्टर बाहेर आले, तेव्हा त्यांच्या कपाळावरचा दिवा तेवढा दिसत होता.

शेजारचं दार उघडलं. शेजारी राहायचे ते निवृत्त ग्रंथपाल. पस्तीस वर्षं वाचनालयात लोकांना गप्प बसवून त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायमचं ओठांकडे वाकलं होतं. त्यांनी ते बोट ओठांवर ठेवलं. "श्श्श!"

"सॉरी! वायरींची अदलाबदल झालीय. एकाचा दात दुसऱ्याला लागलाय!"

"पुस्तिका आहे का?" ग्रंथपालांचे डोळे चमकले. छापील काही दिसलं की ते राग विसरत. पुस्तिका घेऊन ते पायरीवर बसले आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. "'आमच्या उत्पादनावर विश्वास दाखवल्याबद्दल आभार...'"

"ते सोडा हो! वायरींचा क्रम बघा!"

"प्रस्तावना वगळून ग्रंथ वाचता येत नाही, डॉक्टर."

प्रस्तावना संपेपर्यंत डॉक्टरांनी आपल्या अकलेनं दोन वायरी बदलल्या. धडाम्! आणखी दोन बदलल्या. धडाम्! तिसऱ्या वेळी बायकोला सेल्फ मारायला सांगून ते वायर नीट बसलीय का हे बोटानं दाबून बघत होते. काही हजार व्होल्ट त्यांच्या बोटातून शिरले, कोपराला हिसका देऊन टाळूतून निघून गेले. डॉक्टर जागच्या जागी वीतभर उडाले. दातांच्या डॉक्टरांची दातखिळी बसली!

"काय झालं?" बायको.

"म्म्म्म," डॉक्टर.

तेवढ्यात ग्रंथपालांना क्रम सापडला. "एक, तीन, चार, दोन!" पण आता डॉक्टर इंजिनाजवळ जायला तयार नव्हते. शेवटी ग्रंथपालांनी डॉक्टरांचे रबरी मोजे घातले आणि पुस्तकं मांडावीत तशा चारी वायरी क्रमवार लावून दिल्या. पुस्तिकेत लिहिलं होतं म्हणून इंजिनाचा वेग ठरवणारा रेसचा स्क्रूही दोन फेरे वाढवला.

आणि गाडी सुरू झाली!

काय सुरू झाली म्हणता! खोकला नाही, उचकी नाही, थरथर नाही. गरम तव्यावरून लोणी घसरावं तसं इंजिन घुमायला लागलं. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बॉनेट आपटलं, टाळ्या वाजवल्या, बायकोकडे बघितलं. बायको प्रथमच काही न नोंदवता नुसती हसली. सासूबाई कडक इस्त्रीच्या कपड्यांत, पर्स मांडीवर घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा.

"आई, निघायला अजून अर्धा तास आहे," डॉक्टर म्हणाले. "बंद करून ठेवतो. जरा आंघोळ करतो." आणि त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन चालू.

त्यांनी किल्ली पुन्हा फिरवली, काढली, खिशात घातली. इंजिन चालू. खिशातून काढून पुन्हा बघितली, किल्ली ह्याच गाडीची होती. इंजिन चालूच!

"अहो, बंद करताय ना?"

"केली!"

"मग?"

"मग काय? बंद केलीय आणि चालू आहे!"

ग्रंथपालांनी घाईघाईनं पुस्तिका चाळली. अनुक्रमणिका पाहिली, शेवटची सूची पाहिली. "जोडणी आहे, चाचणी आहे, निगा आहे. पण गाडी बंद कशी करावी, हे प्रकरण ह्या ग्रंथात नाही."

"वायर उपटू का?" बायको म्हणाली.

"हात लावू नकोस!" डॉक्टर किंचाळले. "लाल अक्षरांत लिहिलंय, चालू असताना वायर काढली तर डबी जळते. आणि डबी राहू दे, माझ्या कोपराला विचार!"

ग्रंथपालांनी पुस्तिका मिटली. मग म्हणाले, "विजेचा उगम कुठे? बॅटरीत. उगमच काढून टाकला तर?" तर्क बिनतोड होता. त्यांनी मोजे चढवले, पाना घेतला, बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प सोडवले, ती जड बॅटरी तान्ह्या मुलासारखी पोटाशी धरून बाहेर काढली, आणि पुन्हा कुणी जोडू नये म्हणून स्वतःच्या घरात नेऊन जिन्याखालच्या कपाटात कुलूपबंद करून आले.

इंजिन चालू!

सगळे वाकून बघायला लागले. किल्ली नाही, बॅटरी नाही, आणि गाडी मजेत घुमतेय. डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. मागच्या सीटवरून सासूबाईंचा शांत आवाज आला, "हे ह्यांचंच काम."

"कुणाचं, आई?"

"तुझ्या बाबांचं गं. चारचौघांनी थांबा म्हटलं, की ते कधीच थांबायचे नाहीत." त्यांनी पुढच्या सीटच्या पाठीवर हळूच थोपटलं. "चला हो. शिडी वाट बघत असेल."

पण डॉक्टरांच्या मनात आता वेगळाच प्रकाश पडला होता. भीती गेली, छाती फुगली. "अगं, कळतंय का तुला? बॅटरीशिवाय! जगात कुणाची गाडी बॅटरीशिवाय चालते? मी शोध लावलाय, शोध! राहू दे ती बॅटरी कपाटात. तेवढंच वजन कमी!"

"दहा वाजून चाळीस मिनिटं," बायको पुढच्या सीटवर बसत म्हणाली. "'मी शोध लावलाय.' चला."

आंघोळ राहिली. काळवंडलेल्या तोंडानं, कपाळावरच्या दिव्यासकट डॉक्टर चाकामागे बसले.

एरवी भर चौकात बसकण मारणारी गाडी त्या दिवशी तीन चौकांत एकदाही बंद पडली नाही. सभागृहाच्या फाटकाशी सात-आठ पिकल्या केसांच्या बायका घोळक्यानं उभ्या होत्या, आणि त्या घोळक्यातून वर आलेलं डोकं म्हणजे शिडी. डॉक्टरांनी गाडी अगदी तिच्या पायांशी नेऊन उभी केली. सासूबाई सावकाश उतरल्या. एक पाय, मग पर्स, मग दुसरा पाय. पन्नास वर्षं थांबलेलं माणूस आणखी अर्धं मिनिट सहज थांबतं.

शिडीनं गाडीकडे खालून वर बघितलं. "म्हणजे ही अजून चालते?"

"चालते म्हणजे काय," सासूबाई म्हणाल्या. "थांबतच नाही!"

"नाहीच थांबत," डॉक्टर खिडकीतून कळवळून म्हणाले.

"बघ, जावईपण तेच म्हणतोय!"

सगळ्या बायका 'अय्या' म्हणत गाडीभोवती जमल्या. कुणी बॉनेटवर हात फिरवला, कुणी हॉर्न दाबून पाहिला. बॅटरी नसल्यामुळे तो मांजरीच्या पिलासारखा रडला, पण वाजला! शिडीनं मनाचा मोठेपणा दाखवला. "बाई गं, मी हरले. बदल माझं नाव." मग हातात हात घालून सगळ्या आत गेल्या. बायकोही आईबरोबर गेली. जाताना तिनं फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही काय करणार?"

डॉक्टर काय करणार? दोनच मिनिटांत आतून एक आयोजक बाई कान झाकत बाहेर आल्या. "अहो, आत प्रार्थना चालू आहे! गाडी बंद करा."

"होत नाही."

"मग लांब न्या!"

लांब नेऊन उभी केली तर पाण्याचा काटा चढायला लागला. उभं राहिलं की इंजिन तापतं, चालवलं की निवतं. म्हणजे आता बसायचं नाही, उतरायचं नाही, फिरत राहायचं! सभागृहासमोर एक गोल बाग होती. डॉक्टरांनी तिला फेऱ्या घालायला सुरुवात केली. पहिल्या फेरीला बाकावरच्या आजोबांनी मान वर केली. तिसऱ्या फेरीला हात केला. पाचव्या फेरीला आजोबांच्या शेजारी आणखी तिघं येऊन बसले होते आणि बोटांवर फेऱ्या मोजत होते. सातव्या फेरीला शिट्टी वाजली.

वाहतूक हवालदार आडवा उभा होता. "काय साहेब? काय हरवलंय? गाडी बंद करा आधी."

"होत नाही हो!"

"किल्ली काढा."

डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढून त्याच्या हातात दिली. हवालदारानं किल्लीकडे पाहिलं. घुमणाऱ्या इंजिनाकडे पाहिलं. वाकून गाडीखाली पाहिलं, खाली कुणी आहे का. मग बॉनेट उघडायला लावलं.

"बॅटरी कुठाय?"

"शेजाऱ्यांच्या जिन्याखाली."

हवालदारानं टोपी काढली. त्याची वीस वर्षं नोकरी झाली होती. बिनालायसन्सची गाडी त्यानं पाहिली होती, बिनानंबराची, बिनाब्रेकची. पण बिनाकिल्ली बिनाबॅटरीची गाडी कुठल्या कलमात बसवायची, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. "तुम्ही असं करा," तो डॉक्टरांच्या शेजारी बसत म्हणाला, "कुणाला तरी दाखवा. मी येतो बरोबर. शेवट काय होतो ते मला बघायचंय."

दाखवायची जागा एकच होती. डॉक्टरांनी गाडी मिस्त्रींच्या दुकानाकडे वळवली.

मिस्त्री एका स्कूटरपाशी उकिडवे बसले होते. काळंमिट्ट तोंड, कपाळावर दिवा, शेजारी हवालदार आणि मागे घुमणारी गाडी, असं सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"मिस्त्री, जरा बघता का?"

"बसा," मिस्त्री म्हणाले. "आधीचा पेशंट आहे."

डॉक्टर स्टुलावर बसले. पाण्याचा काटा चढत होता, तरी तीन मिनिटं मिस्त्रींनी स्कूटरचा एक नट पुसला. मग हात पुसत आले. "हं. त्रास कधीपासून होतोय?"

"सकाळी सव्वादहापासून."

"घरी काही औषध केलं होतं?"

"मिस्त्री, चुकलं माझं!" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "मी बोललो ते सगळं मागे घेतो! पण हिला थांबवा हो! सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. गाडीतून उतरता येत नव्हतं. एक वाजता आईंना न्यायचंय. मला आता असं वाटायला लागलंय, की पेट्रोल संपेपर्यंत मी त्या बागेलाच फेऱ्या घालणार आहे. आणि टाकी कालच फुल केलीय!"

मिस्त्री गाडीत बसले. ब्रेकवर पाय दाबला, चौथा गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय उचलला. गाडीनं एक आचका दिला, धप्प! आणि सगळं शांत.

इतकं शांत, की पलीकडच्या नळाचं टपटप ऐकू यायला लागलं.

"एवढंच?" डॉक्टर.

"एवढंच."

"पण बॅटरीशिवाय चालत होती! तो शोध..."

"डायनॅमो," मिस्त्री म्हणाले. "एकदा इंजिन फिरायला लागलं की तोच वीज करतो. तुम्ही लाल वायर थेट दिलीत, मग किल्लीला विचारतो कोण? ती डबी जळली नाही, हे नशीब समजा." त्यांनी बॉनेट उघडून ती वायर काढली आणि पाच मिनिटांत स्विचवरून जोडून दिली. मग काळी डबी बोटानं हलवून पाहिली. "बसवलीय मात्र सफाईनं. हात चांगला आहे तुमचा."

डॉक्टरांना इतकं बरं वाटलं की ते जवळजवळ रडलेच. हवालदारानंही टाळी वाजवली. डॉक्टर ऐटीत चाकामागे बसले, किल्ली घातली आणि सेल्फ मारला.

काहीच झालं नाही. टक्क नाही की टुक्क नाही.

मिस्त्रींनी बॅटरीच्या रिकाम्या चौकोनात हात घालून बघितला. "चालू गाडीला डायनॅमो पुरतो, डॉक्टर. बंद पडलेलीला बॅटरीच लागते. धक्का मारूनही सुरू व्हायची नाही."

डॉक्टरांनी ग्रंथपालांना फोन लावला. एकदा, तीनदा, अकरा वेळा लावला. पण रविवारी बारा ते चार ग्रंथपाल झोपत, आणि त्यांच्या फोनचा आवाज त्यांनी विकत घेतल्यापासून एकदाही चालू केलेला नव्हता. घरी जाऊन त्यांना उठवायला वेळ नव्हता, बॅटरीचं दुकान बंद. मिस्त्रींकडे स्कूटरच्या दोन चिमुकल्या बॅटऱ्या होत्या. त्यातल्या एकीनं गाडीतला छताचा दिवा लागला, आणि लगेच विझला.

"एक वाजायला दहा मिनिटं आहेत," हवालदार म्हणाला.

"इथून सभागृहापर्यंत आणि पुढेही थोडा उतार आहे," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. "चला."

एक वाजता सभागृहाच्या फाटकातून बायकांचा घोळका बाहेर पडला. समोर गाडी तयार होती, नुसती उभी. बायकोनं एकदा डॉक्टरांकडे, एकदा मिस्त्रींकडे, एकदा घामानं निथळणाऱ्या हवालदाराकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. ती सरळ चाकामागे जाऊन बसली. सासूबाई शिडीच्या गळ्यात पडल्या, पत्त्यांची देवाणघेवाण झाली, मग त्या मागच्या सीटवर विराजमान झाल्या. डॉक्टर, मिस्त्री आणि हवालदार गुपचूप मागच्या बाजूला गेले आणि तिघांनी डिकीला खांदे लावले.

गाडी हलली. मैत्रिणींनी हात हलवले. सासूबाईंनी खिडकीतून राणीसारखा हात केला. बागेतले आजोबा उठून उभे राहिले.

उतार संपला. पुढे दीड किलोमीटर सपाट रस्ता होता. डॉक्टरांच्या चष्म्यावरून घाम ओघळत होता, मिस्त्रींचा श्वास भात्यासारखा चालला होता, हवालदाराची शिट्टी प्रत्येक श्वासाला आपोआप वाजत होती. त्या शिट्टीमुळे समोरची वाहनं आदरानं बाजूला होत होती, हा एक फायदा.

अर्ध्या वाटेवर मागची काच खाली झाली. सासूबाईंचा चेहरा समाधानानं फुलला होता. त्यांनी मान मागे वळवली नाही, नुसता आवाज टाकला.

"जावईबापू, तुम्ही खरंच हुशार! सकाळी जरा धाकधूक वाटली होती, पण आता बघा कशी सुरेख जमलीय. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. ह्यांच्या वेळीसुद्धा इतकी शांत कधी चालली नव्हती हो!"

डिकीमागून फक्त शिट्टी वाजली.

"फक्त जरा हळू चालतेय," सासूबाई म्हणाल्या. "तेवढं एकदा मिस्त्रींना दाखवून घ्या!"